एका गुंठ्याचा गुन्हा

नेरे, दत्तवाडी, जांबे, मारुंजी, माण आणि कासारसाई इथे घर बांधलेल्या, बांधत असलेल्या आणि बांधायचं राहून गेलेल्या सर्वांसाठी

हिंजवडीहून नेऱ्याकडे येताना रस्त्याला तीन तऱ्हेच्या पाट्या लागतात. पहिली लोखंडी सांगाड्यावर चढवलेली: उंच टॉवर, पोहण्याचा तलाव, हसणारं चौकोनी कुटुंब. दुसरी विजेच्या खांबाला तारेने बांधलेली: ‘एक गुंठा, दोन गुंठे, सातबाऱ्यावर नाव, सोयीचे हप्ते.’ तिसरी सरकारी. ती पाडलेल्या भिंतीशेजारी रोवलेली असते आणि या बांधकामाचा व्यवहार करू नका म्हणून बजावते. व्यवहार करून बसलेला माणूस तिथेच पत्र्याखाली चूल मांडून असतो.

मी दुसऱ्या पाटीला भुललो. एक गुंठा घेतला, त्यावर घर उभं केलं, त्यात आठ वर्षं आणि बायकोच्या पाटल्या गेल्या. तेवढ्या जोरावर हे पत्रक काढतो आहे. सांगायचं आहे ते इतकंच की, आपल्या पट्ट्यात पगारदार माणसाने कायद्याने घर बांधावं अशी वाटच शासनाने ठेवलेली नाही, आणि आडवाटेने गेल्याचा दंड मात्र त्याच माणसाकडून घेतला जातो.

आधी गुंठ्याचं माप बघू. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्यात चक्क लिहिलं आहे की, १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याने परवानगीसाठी ताटकळू नये. मालकीचे कागद, नकाशा, आर्किटेक्टचा दाखला द्यावा, शुल्क भरावं आणि कुदळ मारावी. ३०० चौरस मीटरपर्यंत असेल तर दहा दिवसांत परवानगी. आपला गुंठा यात आरामात बसतो. वाचून मी पेढे आणायच्या बेतात होतो. मग खालची अट वाचली: भूखंड मंजूर रेखांकनातला, गावठाणातला किंवा रीतसर नियमित झालेला हवा. नेऱ्यात मंजूर रेखांकनातला एक गुंठा मला तरी कुणी दाखवला नाही. दाखवला तो खाचराचा.

कारण १९४७ चा तुकडेबंदी कायदा. त्याचा हेतू वाईट नव्हता. वाटण्या होत होत शेत इतकं बारीक होऊ नये की त्यात औत वळू नये. पण आयटी पार्कच्या कुशीत औत वळवतंय कोण? २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी किमान मर्यादा आहे. पगारदाराने २० गुंठे घ्यावेत की काय? १२ जुलै २०२१ ला नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून असे लहान व्यवहार नोंदवायचे थांबवले. मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. या सगळ्या काळात विक्री एक दिवस थांबली नाही. ती नोटरीवर झाली, कुलमुखत्यारपत्रावर झाली, ताबा पावतीवर झाली, आणि अकरा अनोळखी माणसांनी मिळून अकरा गुंठ्यांचं एक सामाईक खरेदीखत केलं अशीही झाली.

मी त्या अकरांतला एक. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, क्षेत्र सामाईक आहे. माझा गुंठा नेमका कुठला हे सातबारा सांगत नाही. ते फक्कीची रेघ सांगत होती, आणि ती पहिल्या पावसात वाहून गेली. पोटहिस्सा मोजणी मागावी तर अकराही जणांची संमती हवी. एक जण परदेशात, एक वारला आणि त्याच्या वारसांचं जमत नाही, एकाने आपला हिस्सा परस्पर तिसऱ्यालाच दिलेला. ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढला की घर अधिकृत झालं, असं एजंट छातीठोकपणे सांगतो. नमुना ८ ही घरपट्टीची नोंद आहे. तिच्यावर मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामही नियमित होत नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

आता कुणी म्हणेल, २०२५ च्या नोव्हेंबरात अध्यादेश आला की! आला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकडे अधिमूल्य न घेता नियमित करायचं ठरलं, आणि त्याचं स्वागतच आहे. मात्र आराखड्यात ज्या जमिनीचा वापर बिगरशेती दाखवला आहे तिच्यासाठी ते आहे. आपला आराखडा कोणता? पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, २०१५ मध्ये स्थापन झाली, २०२१ मध्ये तिने प्रारूप विकास आराखडा जाहीर केला, त्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि शेवटी तो आराखडाच रद्द झाला. मग उरली १९९७ ची पुणे प्रादेशिक योजना. ती मंजूर झाली तेव्हा हिंजवडीत आयटीचं नीट बस्तानही बसलं नव्हतं. (हिंजवडीतली ती जागा आधी साखर कारखान्यासाठी ठरली होती, ही गोष्ट शरद पवार अनेकदा सांगतात. कारखाना आपल्या कासारसाईकडे गेला आणि तिकडे संगणक आले.) त्या काळच्या नकाशावर आज घराचा रंग शोधायचा. माझा गट कोणत्या रंगात आहे हे मला खरेदीच्या दिवशी कुणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. स्वस्त मिळत होतं. एवढा दोष माझा.

कागदाचं हे दुखणं पैशात कसं उतरतं ते पाहा. मंजूर नकाशा आणि निर्वेध मालकी असेल तर बँक दारात येते. समजा २० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे १७,३५० रुपये. सामाईक सातबाऱ्यावर बँक देत नाही. मग पतपेढी. तेच २० लाख, १४ टक्के, १० वर्षं: हप्ता ३१,००० च्या वर. विटा त्याच, गवंडी तोच, महिन्याला १३-१४ हजार जास्त. वर प्राप्तिकराची नवी पद्धत घेतली असेल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. जुनी घेतली तर दोन लाखांपर्यंत आहे, पण कर्ज घेतल्याच्या वर्षानंतर पाच वर्षांत घर पूर्ण व्हायला हवं. माझं आठ वर्षं चाललं.

ज्याला बँकेचं कर्ज मिळतं तोही सुटत नाही. बँक टप्प्याने पैसे देते: जोतं झालं की इतके, स्लॅब झाला की इतके, वीटकाम, गिलावा. म्हणजे काम आधी, पैसे मागून. मुकादमाला मात्र उचल आधी लागते, स्टीलवाला गाडी रिकामी करण्याआधी फोनवर पैसे मागतो. प्रत्येक टप्प्याला चार-पाच लाख हातउसने लागतात, आणि पाटल्या जातात त्या इथे. घरभाडं चालूच, त्यात उचललेल्या रकमेवरचं व्याजही चालू. अंदाजपत्रकात घर असतं. बोअर, सेप्टिक टँक, कंपाउंड, मीटर, पायऱ्या नसतात. स्लॅब पडल्यावर पाहुणे म्हणतात, ‘झालं की घर!’ निम्मा खर्च त्या दिवसानंतर सुरू होतो.

आपल्या मुळशीची जमीन भाताची, आंबेमोहोराची. खाचर भरून त्यावर मुरूम टाकला की वरून माळरानासारखं सपाट दिसतं. खाली मात्र पाणी धरणारी माती. मी पाच फूट खोदाईचा हिशोब धरला होता, घट्ट मुरूम लागेपर्यंत नऊ फूट गेलो, आणि कागदावरचं पायाचं बजेट त्याच खड्ड्यात राहिलं. प्लॉट बघायचा तर जुलैत बघा. उन्हाळ्यात सगळेच प्लॉट सुंदर असतात. काम दिवाळीनंतर काढा, स्लॅब जूनच्या आत टाका, आणि मध्ये होळी येते, गावाकडची सुगी येते, सेंटरिंगवाले गावी जातात, याचे तीन आठवडे आधीच सोडून द्या.

कराचंही ऐका. सिमेंटवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता, आता १८ आहे. हजार फुटांच्या घराला ढोबळ ४०० पोती सिमेंट आणि चार टन लोखंड लागतं. कर धरून नव्हे, करापूर्वी पोतं ३०० चं धरा आणि लोखंड टनाला ५० हजारांचं. आजच्या दरानेही या दोन गोष्टींवरचा कर ५७,६०० रुपये होतो. ठेकेदाराला मालासकट काम दिलं तर त्याच्या बिलावर १८ टक्के. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला फ्लॅट घेणाऱ्याला ५ टक्के, परवडणाऱ्या घराला १ टक्का. बिल्डरला कच्च्या मालावरच्या कराची वजावट मिळत नाही आणि तो कर फ्लॅटच्या किमतीत मुरतो, हे मला माहीत आहे. तरी एक घर बांधणाऱ्यासाठी सवलतीचा दर का नाही, याचं उत्तर कुणी देत नाही. एक सूट आहे, ती जरूर वापरा: एकाच स्वतंत्र घराचा निव्वळ मजुरीचा ठेका दिला, माल स्वतः आणला, तर त्या मजुरीवर जीएसटी लागत नाही.

फसवणूक झाली तर? फ्लॅटवाल्याला महारेरा आहे. इमारतीत दोष निघाला तर ताब्यापासून पाच वर्षं बिल्डर जबाबदार. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकणाऱ्यालाही महारेराची नोंदणी लागते, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांच्या वर गेला की लागते. तारेने बांधलेल्या त्या पाटीवर नोंदणी क्रमांक पाहिलाय कुणी? आणि आपल्या घराचा ठेकेदार तर कुठल्याच नोंदणीत नाही. माझ्या ठेकेदाराने दुसऱ्या स्लॅबनंतर फोन उचलणं बंद केलं. गच्ची गळते आहे. ग्राहक आयोगात जा म्हणतात. करारनामा कुठे आहे विचारतात. करारनामा वहीच्या पानावर, त्यावर चहाचा डाग.

आता जरा घरच्याच लोकांविषयी. वाळू, खडी, विटा, खोदाई आमच्याकडूनच घ्यायची, भाव आम्ही सांगू तो, नाहीतर गाडी वळू देणार नाही, हा प्रकार आपल्या शिवारात आहे आणि सगळ्यांना तो माहीत आहे. बाहेरून आलेला मुकाट्याने देतो. गावातल्याच पोराने बहिणीसाठी घर काढलं तरी त्यालाही तोच भाव. भूमिपुत्राच्या हक्काची भाषा मला मान्य आहे. आयटी पार्क, टॉवर आणि रस्त्यांना जमीन ज्यांनी दिली त्यांना धंदा मिळायलाच हवा. पण टॉवरवाल्याशी बोलताना जो आवाज खाली येतो तो एका गुंठेवाल्यापुढे का चढतो?

आणि ज्याच्याकडे गुंठाही नाही त्याचं काय? प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला १ लाख २० हजार मिळतात, राज्याने अलीकडे ५० हजारांची भर घातली. जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागेसाठी एक लाखापर्यंत. आपल्याकडे एक लाखात जागा? गुंठ्याचा भाव ज्याला ठाऊक आहे तो यावर हसतो, आणि ज्याला ठाऊक नाही अशाने तो आकडा ठरवला असणार.

टॉवरच हवेत, लहान प्लॉटांनी बकालपणा येतो, असं नगररचनावाले म्हणतात. त्यांना निगडीला घेऊन चला. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झालं ते कामगारांना परवडणारी घरं आणि भूखंड मिळावेत म्हणून. आधी रस्ते आखले, मग सेक्टर पाडले, आणि लोकांनी ऐपतीप्रमाणे एकेक मजला चढवला. शेतकऱ्यांच्या परताव्याचा घोळ तिथे अनेक वर्षं राहिला, तो विसरता येणार नाही. पण आज निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांच्या गल्ल्यांना बकाल कोण म्हणेल? २०२१ मध्ये ते प्राधिकरण मोडून त्याचा काही भाग पीएमआरडीएत आणि काही महापालिकेत घातला. प्राधिकरण घेतलं, त्याचं काम नाही घेतलं.

तेच काम आम्ही मागतो आहोत. जमीनमालकांना जमवून, त्यांना रोख किंवा विकसित जागेचा वाटा देऊन, पीएमआरडीएने नेरे-जांबे पट्ट्यात एक-दोन गुंठ्यांचे मंजूर भूखंड पाडावेत, रस्ता आणि पाण्यासकट. प्रत्येक गट नंबर कोणत्या वापरात आहे त्याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा, म्हणजे पुढचा माणूस माझ्यासारखा फसणार नाही. गावठाणापासून २०० मीटरच्या आत अकृषिक परवानगीची सूट आहे. ती २०० मीटरची रेघ भूमी अभिलेखने जमिनीवर आखून द्यावी. अध्यादेशाने नियमित होणाऱ्या सामाईक सातबाऱ्यांची मोजणी एक हटवादी सहधारक अडवू शकणार नाही अशी तरतूद व्हावी. लहान ठेकेदारांची तालुक्यात नोंदवही ठेवावी, आणि पाच वर्षांच्या जबाबदारीचा एक पानी मराठी करारनामा छापून सेतू केंद्रात ठेवावा.

१ मे च्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडणार आहे. सूचक-अनुमोदक हवेत, आणि नुसत्या माना डोलावणारे नकोत. येताना सातबारा, खरेदीखत नाहीतर ताबा पावती, जे असेल ते, त्याची झेरॉक्स आणा. मूळ कागद आणू नका. किती घरांचे कागद सामाईक आहेत याची मोजदाद आपण तिथेच मांडव सोडण्याआधी करू. ज्यांच्या दाराशी सध्या वाळूचा ढीग पडलेला आहे त्यांनी कामावरून तसंच यावं, कपडे बदलत बसू नये.

— नेऱ्यातला एक सामाईक खातेदार