सूचनाफलक कोणासाठी?

परीक्षेचे अर्ज कधी भरावयाचे, शिष्यवृत्तीस कोणते दाखले लागतात, पुस्तके केव्हा मिळावयाची, अशा साध्या बातम्यांवर मुलाचे एखादे वर्ष, क्वचित त्याचे पुढील सारे शिक्षणही अवलंबून असते. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात ह्या बातम्या येतात त्या बहुधा तेलुगूतून किंवा इंग्रजीतून. मराठी शाळेत मुले धाडणाऱ्या पुष्कळ घरांत ह्या दोन्ही भाषा वाचणारे वडीलधारे माणूस नसते. हे अंतर कोणी भरून काढावे, असा आमचा प्रश्न आहे.

आज हे काम मुलेच करतात. सातवी-आठवीतला मुलगा सूचना उतरवून नेतो, किंवा गुरुजींनी मोबाइलवर धाडलेला कागद आईपुढे धरतो, आणि स्वतःस जेवढे उमजले तेवढे सांगतो. त्यात लबाडी नसते; पण उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा दाखला ह्यांतील भेद त्याला ठाऊक नसतो, आणि शेवटची तारीख तर हटकून निसटते. मुलांचे आम्हांला कौतुक आहे. परंतु ज्या कागदावर वडिलांनी सही करावयाची, त्याचा अर्थ त्यांनी मुलाच्या तोंडून ऐकावा, ही रीत बरी नव्हे. गणितात गुण कमी पडल्याची चिठ्ठीही मग तोच वाचून दाखविणार!

ही अडचण आजची नाही. निजामी अमदानीत कारभाराची भाषा उर्दू होती. सरकारी कागद कळावयाचा तर कोणा जाणत्याच्या ओसरीवर जाऊन बसावे लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूरचा भाग त्या वेळच्या मुंबई राज्यात गेला. उलट नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर हा भाग आंध्र प्रदेशाकडे आला. पुढे २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मुधोळ-भैंसा निर्मल जिल्ह्यात गेले. सीमा अशा हलल्या, तरी पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या सोयरिकी जेथल्या तेथेच राहिल्या. बेला, जैनद ह्या भागांतील कित्येक घरांत आजही चुलीपाशी मराठीच बोलली जाते.

त्याच १९५६ साली भारताच्या घटनेत ३५०-क हे कलम घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. कलम मोलाचे आहे, पण ते मुलांच्या शिक्षणापाशी थांबते. पालकाला शाळेचा कागद कोणत्या भाषेत मिळावा ह्याविषयी त्यात अक्षर नाही. वास्तविक पालकाचे काम मध्यंतरी पुष्कळच वाढले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. शाळेच्या विकासाची योजना आखण्याचा भारही समितीवर घातला. तेलंगणात २०२४ साली महिला बचत गटांना पुढे घेऊन ‘अम्मा आदर्श पाठशाला’ समित्या निघाल्या. आता अशा सभेचे इतिवृत्त एखाद्या माउलीस वाचताच येत नसेल, तर तिने त्याखाली केलेल्या सहीला संमती म्हणावे काय? आम्ही तरी म्हणणार नाही.

एक उदाहरण पैशाचे घेऊ, म्हणजे गोष्ट नेमकी ध्यानी येईल. आठवीत शिकणाऱ्या गरीब व हुशार मुलांसाठी केंद्र सरकारने २००८ साली एक शिष्यवृत्ती सुरू केली. तिची परीक्षा राज्य सरकार घेते. उत्तीर्ण होऊन निवड झालेल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे मिळून ४८,००० झाले! कोरडवाहू कापसावर भागविणाऱ्या घरात ही रक्कम मुलीचे शिक्षण दहावीनंतर चालू राहील की नाही, हे ठरवू शकते. सरकारी, अनुदानित व स्थानिक संस्थांच्या शाळांतील मुलांसाठी ती आहे, आणि पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाखांची आहे. म्हणजे आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले तिला पात्र ठरावीत. अभ्यासात मागे पडल्यामुळे ती हुकली तर तक्रार नाही. पण तारीख घरी कळली नाही म्हणून हुकावी, हे आम्हांस सहन होत नाही.

बातम्यांचे असे, तर साधनांचे निराळेच. पुण्याच्या बालभारतीची, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, पुस्तके आज मोबाइलवर फुकट वाचावयास मिळतात. त्याच संस्थेचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंकही तसेच उघडता येतात. वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचे वीस खंड घरबसल्या चाळता येतात. आमच्या वडिलांच्या पिढीला एका शब्दकोशासाठी नांदेड गाठावे लागे. आता अवघे ग्रंथालय खिशात मावते. मात्र ते उघडावे कसे आणि त्यातले आपल्या उपयोगाचे कोणते, हे सांगणारे कोणी नाही. परिणामी घरचा मोबाइल मुलांच्या हाती खेळापुरता उरतो.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. महाराष्ट्राचा अभ्यासक्रम तो आपला अभ्यासक्रम नव्हे. सीमेवरील जिवती तालुक्यातील परमडोली, मुकदमगुडा अशा गावांत दोन्ही राज्यांच्या शाळा चालतात. तेथे एकाच आळीतील दोन मुलांच्या दप्तरांत दोन राज्यांची पुस्तके असतात, हे पाहिले म्हणजे भेद चटकन कळतो. पायथागोरसचा सिद्धांत नदीच्या ऐलतीरी व पैलतीरी सारखाच. इतिहास-भूगोलाचे तसे नाही: आपल्या मुलांना काकतीयांची आणि तेलंगणाची माहिती लिहावयाची असते. म्हणून गणित, विज्ञान व अवांतर वाचन ह्यांसाठी तिकडची साधने खुशाल घ्यावी. परीक्षेची तयारी मात्र आपल्याच मंडळाच्या पुस्तकावरून करावी. कोणता धडा कशास जुळतो, हे शिक्षकांनी एकदा बसून ताडून पाहिले की वर्षानुवर्षांचे काम होते.

साधने बाहेरूनच यावीत असेही नाही. १९४३ साली ह्याच जुन्या जिल्ह्यात, मारलवाई येथे, मानववंशशास्त्रज्ञ हायमेन्डॉर्फ ह्यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, आणि गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत सिद्ध झाली. ज्या काळी कचेरीत उर्दूचा अंमल होता त्या काळी राज्याने डोंगरातल्या मुलाशी त्याच्या बोलीत बोलावे, ही लहान गोष्ट नव्हती. (मराठी शाळेत बसणाऱ्या गोंड वा कोलाम मुलाला मराठीही परकीच असते, हे आपण मराठी माणसांनी कधीतरी ध्यानात घ्यावे.)

कोणी विचारील, मग तेलुगूच शिकून घ्यावी, एवढा खटाटोप कशाला? शिकावीच! २०१८ च्या कायद्याने ती राज्यातील शाळांतून दहावीपर्यंत टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाली, त्यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. जिल्ह्याची कचेरी, दवाखाना, बाजार ह्यांची ती भाषा आहे, आणि ती नीट येत नसल्यामुळे आपली मुले नोकरीच्या मुलाखतीत गप्प बसतात. परंतु मुलगी दहा वर्षांनी तेलुगू वाचील, म्हणून तिच्या आईने आजची सूचना न समजता राहावे, हा न्याय कोठला?

आम्ही सुचवितो ते अगदी साधे आहे आणि त्याला सरकारी मंजुरीची गरज नाही. मुख्य सूचनाफलकाशेजारी मराठी फलक असावा. शाळेत आलेल्या प्रत्येक परिपत्रकाचा सारांश चार-पाच ओळींत, तेलुगू उत्तम जाणणाऱ्या शिक्षकाने तपासून, त्यावर लागावा: काय आहे, कोणासाठी आहे, कोणते दाखले हवेत, शेवटची तारीख कोणती. लिहिण्याचे काम नववीच्या मुलामुलींनी पाळीपाळीने करावे; त्यांना भाषांतराचा उत्तम सराव होईल. त्याच ओळी एका वहीत उतरवून ठेवाव्या आणि आठवडी बाजाराच्या दिवशी, पालक गावात आलेले असतात तेव्हा, मोठ्याने वाचून दाखवाव्या. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही. शिक्षकांवर आधीच कामाचा बोजा आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून आठवड्यास अर्धा तास, त्याहून अधिक कोणी मागू नये.

विदर्भातील शाळांच्या कितीतरी आधी, जूनच्या मध्यास आपल्या शाळा उघडतात. वही त्या आठवड्यात सुरू व्हावी. पहिल्या पानावर पुस्तकवाटपाची तारीख लिहावी, आणि दुसऱ्यावर आठवीच्या शिष्यवृत्तीसाठी तहसीलच्या कचेरीतून कोणते दाखले आतापासून काढून ठेवावयाचे, त्यांची यादी.