दगडाखालचा रहिवासी

गेल्या रविवारीं आमचा नातू भीमेच्या कांठचा गाळ डब्यांत भरून पाटसास घरीं घेऊन आला. त्यांत रक्तासारख्या लाल अळ्या वळवळत होत्या. घरांतील मंडळींनीं नाकें मुरडलीं. आम्हीं मात्र चष्मा पुसून घेतला.

ही अळी डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका माशीची. तिच्या अंगांत आपल्याप्रमाणेंच हिमोग्लोबिन असतें. म्हणून प्राणवायु जवळजवळ सरलेल्या पाण्यांतहि ती तग धरते. रांजणगांव सांडस येथें मुळामुठा पुण्याचें सांडपाणी घेऊन भीमेस मिळते, तेव्हां ती खालीं आढळावी यांत नवल नाहीं. मात्र गाळांत शिसें, तांबें, कॅडमियम असे धातु सांचले, तर गाळावरच पोसणाऱ्या या अळीच्या जबड्याचे दांत वेडेवांकडे होतात, कांहीं उगवतच नाहींत. शास्त्रज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखालीं मोजून गाळाची परीक्षा करतात.

आमच्या दख्खनच्या काळ्या खडकांत व चुनखडींत आम्ल मारण्याचा गुण आहे. त्यामुळें येथें धातु बहुधा गाळांतच पडून राहतात. मेघालयांतील जैंतिया टेकड्यांचें नशीब तसें नाहीं. कोळशाच्या थरांतील गंधक व लोह यांचें खनिज उघडें पडलें, कीं हवापाण्यानें त्याचें गंधकाम्ल बनतें, व तें खडकांतील धातु विरघळवून ओढ्यांत आणतें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१४ सालीं तेथील उंदीरबिळांसारख्या खाणींवर बंदी घातली. पण सोडून दिलेल्या खाणींतूनहि आम्ल झिरपतच असतें.

असें पाणी कधीं कधीं आरशासारखें नितळ दिसतें, आणि पाहणारा फसतो! त्यांतून आधीं नाहींशी होते ती पंख फुटल्यावर एखाददुसरा दिवसच जगणाऱ्या, शेपटाशीं दोन-तीन लांब केस असलेल्या माशीची अळी. आम्ल तिच्या अंगांतील मीठच हिरावून नेतें. पुढें हा ओढा चांगल्या ओढ्यास मिळाला, कीं आम्ल सौम्य होतें, परंतु विरघळलेलें लोह व अॅल्युमिनियम साक्याच्या रूपानें दगडांवर आणि अळ्यांच्या कल्ल्यांवर बसतें, व त्या गुदमरतात. संगमास तीर्थ म्हणणाऱ्या आम्हांस हें वाचून अंमळ वाईटच वाटलें.

नातवानें विचारलें, “आजोबा, ती केसांच्या शेपटीची माशी आपल्याकडे आहे का?” संध्याकाळीं कांठचे चार दगड उलटून पाहिले; मिळाली नाहीं. पुढील रविवारीं मुळामुठा मिळण्यापूर्वींच्या भीमेंत पाहावयाचें ठरलें आहे.