भोजनगृह आणि क्रीडांगण

बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एक जुनी चर्चा नव्याने सुरू होते. मुलीला परगावी शिकावयास पाठवावयाचे ठरलेले असते, महाविद्यालयही नावाजलेले असते; पण ते मिशनचे असते. मग आजी विचारते, तेथे जेवणाखाण्याचे काय? वडील विचारतात, प्रार्थनेला बसावे लागते काय? मुलगी खेळाडू असेल तर तिला कोणत्या वेषात मैदानावर उतरावे लागेल, याचीही कुजबुज होतेच. आपल्या समाजाला ही विद्यालये काही अपरिचित नाहीत. मुंबईचे विल्सन महाविद्यालय १८३२ पासूनचे, नागपूरचे हिस्लॉप १८८३ चे, तर इंदूरचे ख्रिश्चन महाविद्यालय १८८७ चे. आपल्या कित्येक घरांतील आजे-पणजे तेथेच शिकले. तरीही मुलीला धाडण्याची वेळ आली की पाऊल अडखळते. या शंका हसण्यावारी नेण्यासारख्या आहेत, असे आम्हांस वाटत नाही. कारण त्या आपल्यातील एका थोर विदुषीलाही भेडसावल्या होत्या.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे १८८४ ते १८८६ या काळात त्या चेल्टनम येथील मुलींच्या सुप्रसिद्ध महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी साहित्य, गणित व विज्ञान शिकत. म्हणजे धर्माचा प्रश्न त्यांच्यापुरता सुटलेला होता. पण ताटाचा प्रश्न सुटला नव्हता. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडे घातलेले गोड पक्वान्नही त्यांना चालत नसे. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना हा जातीचा अहंकार वाटला. ख्रिस्ती झालेल्या बाईने तो सोडावयास हवा, असे त्यांचे मत. रमाबाईंनी या आक्षेपाला पत्रातून उत्तर दिले. एखादी इंग्रज स्त्री हिंदूंमध्ये जाऊन राहिली आणि कोणाला उपद्रव न देणारे आपले रिवाज तिने पाळले, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले तिला रुचेल काय, असा त्यांचा सवाल होता. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

त्या वादाची दुसरी बाजू अधिकच नवलाची. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशप मंडळींनी हरकत घेतली. असे केल्याने मायदेशी त्यांचा मान राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना याचा मनस्वी राग आला. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविण्यासाठी समाजाचा रोष पत्करणारे अनंतशास्त्री डोंगरे त्यांचे वडील! जी बंधने त्यांच्या शास्त्री वडिलांनी घातली नाहीत, ती साहेबांच्या देशात घातली जात होती. परक्या ठिकाणी सर्व मोकळीक आणि आपल्या घरी सर्व बंधने, ही आपली समजूत किती उथळ आहे, हे यावरून ध्यानी यावे.

रमाबाईंनी या अनुभवाचे पुढे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. १८८९ च्या मार्च महिन्यात त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले, तेव्हा तेथे राहणाऱ्या मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा ठेवली. आपल्या ताटावरून झालेला जाच त्यांनी दुसऱ्यांच्या ताटात वाढला नाही. पण कथा येथेच संपत नाही. सदन पुण्यास गेल्यावर काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसू लागल्या, केसरीतून टीकेची झोड उठली, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कोणाचे चुकले, हा वाद आम्ही येथे उकरून काढू इच्छीत नाही. मात्र सक्ती नसतानाही प्रिय शिक्षिकेचा प्रभाव पडतोच, आणि पालकांची धास्ती अगदीच निराधार नसते, एवढे मान्य केले पाहिजे. त्याच बरोबर हेही विसरता कामा नये की, याच सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ‘बाया कर्वे’ म्हणून त्या आपल्या समाजात आदराने नांदल्या.

आता क्रीडांगणाकडे वळू. भोजनगृहात परक्या मुलीने किती बदलावे, हा प्रश्न असतो. क्रीडांगणावर मात्र त्या काळी यजमान आणि पाहुण्या अशा सर्वच मुली नवख्या होत्या. चेल्टनमच्या प्राचार्या डोरोथिया बील स्त्रीशिक्षणाच्या खंद्या पुरस्कर्त्या; पण चढाओढीचे खेळ त्यांना पसंत नसत. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. मुलींचा हॉकीचा खेळ प्रथम पाहताच त्या म्हणाल्या म्हणे की, इतक्या मुली एकाच चेंडूमागे धावल्या तर इजा होईल, त्यांना आणखी चेंडू आणून द्या! आख्यायिका खरी असो वा नसो, त्या पिढीचा संकोच तीत नेमका उतरला आहे.

अमेरिकेतील कथा याहून बोधप्रद आहे. बास्केटबॉलचा जन्म ख्रिस्ती संस्थेतच झाला. स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात तो खेळ रचला. काही महिन्यांतच जवळच्या स्मिथ महाविद्यालयातील व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो आपल्या मुलींना शिकविला. स्मिथ हे ख्रिस्ती वृत्तीने चालावे, अशी संस्थापिकेची इच्छा. आणि बेरेन्सन तर लिथुएनियाहून आलेल्या ज्यू कुटुंबातील, लहानपणी प्रकृतीने अशक्त! मुलींची दमछाक आणि झटापट होऊ नये म्हणून त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले, प्रत्येकीने आपल्याच भागात राहावे असे ठरविले आणि दुसरीच्या हातून चेंडू हिसकावण्यास मनाई केली. २२ मार्च १८९३ रोजी पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. आज हे नियम सोवळे वाटतील. पण त्या सोवळ्याच्या आडोशानेच मुली मैदानावर उतरल्या, आणि पुढे ती बंधने एकेक करून गळून पडली. १९८५ मध्ये बास्केटबॉलच्या गौरव-मंदिरात ज्या पहिल्या स्त्रियांना स्थान मिळाले, त्यांत बेरेन्सन होत्या. परधर्मीय संस्थेत परक्या घरची एक बाई आली आणि तेथील मुलींना धावावयास शिकवून गेली. जुळवून घेणे म्हणतात ते असे दोन्ही बाजूंनी व्हावे लागते.

आपल्याकडेही मुलींची वाट सोपी नव्हती. लखनौच्या अमीनाबादेत इझाबेला थोबर्न यांनी १८७० च्या एप्रिलमध्ये सहा मुलींची शाळा उघडली, तेव्हा दाराशी बांबूची काठी घेतलेला एक पोरगा पहाऱ्यास उभा करावा लागला होता. त्याच शाळेतून पुढे इझाबेला थोबर्न महाविद्यालय उभे राहिले. काठीच्या पहाऱ्यात गिरविलेल्या धुळाक्षरांचे ते फळ.

तेव्हा मुलीला मिशनच्या महाविद्यालयात धाडणाऱ्या पालकांना आमचे सांगणे थोडके आहे. संस्थेच्या नावातील धर्म पाहून निर्णय करू नये. प्रवेश घेण्यापूर्वी जाऊन यावे, जेवणात निवड आहे काय आणि प्रार्थनेला न बसण्याची मोकळीक आहे काय, हे स्पष्ट विचारून घ्यावे. मैदान आहे काय आणि ते मुलींना रोज मिळते काय, हेही तितक्याच आग्रहाने विचारावे. हा प्रश्न आपले पालक सहसा विचारीत नाहीत. तिने काय खावे आणि कोठे हात जोडावेत, याची फर्माने मात्र घरूनही सुटू नयेत. सिस्टर जेराल्डीन यांची माया खोटी नव्हती. तिला रमाबाईंचे मन ऐकून घेता आले नाही, इतकेच. आपली माया त्याच वाटेने जाऊ नये.

मुलगी सुटीत घरी येईल ती थोडी बदललेली असेल. तिचा वेष निराळा असेल, कदाचित गुडघा फुटलेला असेल आणि सामन्याच्या गोष्टी ती तासन्‌तास सांगत बसेल. त्या नीट ऐकाव्यात, आणि मग तिला आवडते ते ताटात वाढावे.