कबुलीजबाब आधीच छापलेला

माझ्या एका शिक्षकमित्राने परवा बिली कॉलिन्स या अमेरिकन कवीची एक छोटी कविता मोठ्या कौतुकाने वाचून दाखविली. कविता शिकविणे हाच तिचा विषय. विद्यार्थ्यांनी कवितेत मनमोकळे हिंडावे, अशी शिकविणाऱ्याची इच्छा. त्यांना मात्र तिच्याकडून अर्थाची कबुली हवी असते, आणि त्यासाठी ते तिला बांधून तिचा छळ मांडतात. हेच कॉलिन्स पुढे अमेरिकेचे राजकवी झाले आणि २००२ साली त्यांनी तेथील माध्यमिक शाळांसाठी रोज एक कविता नुसती मोठ्याने वाचण्याचा, १८० दिवसांचा उपक्रम सुरू केला. त्यात पहिली कविता हीच. मित्राने तात्पर्य काढले, "मुलांना अर्थ विचारूच नये!"

आमच्या मानपुरात शेजारी दहावीतील एक मुलगी आहे. घरी मराठी, शाळा हिंदी. तिला मी ती कविता मराठीत समजावून सांगितली. ती म्हणाली, "काका, आमच्या वर्गात कवितेला कोणी छळत नाही. तिला कोणी काही विचारतच नाही. कबुलीजबाब कुंजीत आधीच छापलेला असतो. आम्ही तो पाठ करून उतरवतो."

कुंजी म्हणजे महाराष्ट्रातील 'गाईड'. आमच्याकडे हिंदीच्या परीक्षेत संदर्भ, प्रसंग आणि व्याख्या लिहावयाची असते. महाराष्ट्रात दहावीला रसग्रहण असते. हे प्रश्न वाईट आहेत काय? मुळीच नाहीत. रसग्रहण म्हणजे रस स्वतः घेणे. दुसऱ्याने चाखलेल्या प्रसादाची गोडी वहीत उतरवून घेणाऱ्यास आपण काय म्हणू?

म्हणून मित्राचे तात्पर्य मला साफ अमान्य आहे. देवळात कीर्तनकार पूर्वरंगात एकच अभंग घेतो आणि घटकाच्या घटका त्याचा एकेक शब्द उलटसुलट तपासतो. पुढे मांडी घालून बसलेली पोरे ऐकत असतात. त्याला कोणी अभंगाचा छळ म्हटल्याचे ऐकिवात नाही. २००१ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, त्या विजया राजाध्यक्ष यांनी दुर्बोध म्हणून हिणविल्या गेलेल्या मर्ढेकरांच्या कवितेवर ग्रंथ लिहिला. तो काय कवितेला काहीही न विचारता लिहिला गेला? आणि केशवसुत, बाकीबाब बोरकर हे तर स्वतः शाळामास्तर होते. मास्तरकी आणि कविता यांचे हाडवैर असण्याचे कारण नाही.

वर्गात साठ-साठ मुले, अभ्यासक्रमाचा धाक, हे सारे मला ठाऊक आहे. तरीही कुंजी उघडण्यापूर्वी प्रत्येकाकडून स्वतःचे एक वाक्य मागावयास कितीसा वेळ लागतो? "येथे मला कळले नाही" हे वाक्यसुद्धा चालेल. नेमके कोठे, एवढे सांगितले की पुरे. त्याला गुणही द्यावेत.

त्या मुलीने गेल्या चाचणीत हे धाडस केले होते. कबिराच्या एका दोह्याचा तिला लागलेला अर्थ तिने आपल्या शब्दांत लिहिला. पाचांपैकी एक गुण मिळाला. तो एक तरी कशाचा, म्हणून विचारले, तेव्हा कळले की संदर्भात कवीचे नाव बरोबर होते.