व्हीआर हेडसेट घेऊन मानदुखीचं सेंटर काढताय? आधी हे वाचा



"सर, मानदुखीसाठी व्हीआर सेंटर टाकलं तर चालेल का?" असं हल्ली बरेच जण विचारतात. माझं मत सरळ आहे. एकट्याने टाकू नका, फिजिओथेरपिस्टला सोबत घ्या.

तंत्रात दम आहे, यात वाद नाही. मान दुखणारा माणूस भीतीने ती वळवायचंच टाळतो. हेडसेट लावला की गेममधली वस्तू बघायला तो आपोआप मान वळवतो. मान किती वळली, किती वेगाने, हेही मोजता येतं. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मानदुखीच्या 24 पेशंटवर प्रयोग केला. मान प्रत्यक्षापेक्षा कमी वळल्याचं व्हीआरमध्ये दाखवलं, तेव्हा ती न दुखता सुमारे 6 टक्के जास्त वळली. जास्त वळल्याचं दाखवलं, तेव्हा 7 टक्के कमी. पण हा प्रयोग होता, बरं होण्याची गॅरंटी नव्हे. अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्ये एका व्हीआर उपचाराला परवानगी दिली, तीही जुनाट कंबरदुखीसाठी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

आता धंद्याचं बोलू. हाताला मुंग्या येतात, चक्कर येते, पडल्यापासून मान दुखते, असा माणूस आला तर काय कराल? त्याला गेम लावून चालणार नाही, आधी डॉक्टरकडे पाठवावं लागतं. ते ओळखायला शिक्षण लागतं. शिवाय हेडसेटचं वजनच साधारण अर्धा किलो. कोणत्या मानेला ते झेपेल, हेही तोच माणूस सांगणार.

हिशेब बघा. समजा, हेडसेट 50,000 ला पडला आणि सेशनमागे 100 रुपये सुटले. वसुलीला 500 सेशन लागतील. रोज 4 पेशंट, महिन्यात 25 दिवस धरले तर 5 महिने. चालू क्लिनिकमध्ये हे 4 पेशंट आधीच येत असतात. नव्या गाळ्यात तुम्हाला भाडं, डिपॉझिट आणि कर्जाचा हप्ता भरत त्यांची वाट बघावी लागते.

म्हणून ओळखीच्या क्लिनिकमध्ये एकच हेडसेट ठेवा. उपचार त्यांचा, मशीन, अपॉइंटमेंट, स्वच्छता आणि मार्केटिंग तुमचं. वाटणी आधीच कागदावर घ्या. आणि बोर्डवर "100 टक्के आराम" लिहू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दंड होतो.

लोक हेडसेटचे पैसे देत नाहीत, मान मोकळी झाल्याचे देतात. तुमच्या गावात हे चालेल का? कमेंटमध्ये नक्की लिहा.