आधी गुन्हा मोजा, मग कॅमेरा लावा



राजापेठेत चौकाचौकात कॅमेरे पाहिजेत, असं व्यापारी म्हणतो, पुढारी म्हणतो, पानठेल्यावरचं पोट्टंही म्हणतं. लावा. पण कुठे? आणि काहून? 'गुन्हे वाढले' एवढं म्हणून भागत नाही. कोणते गुन्हे, कोणत्या गल्लीत, किती वाजता, कोणावर? हे न मोजता कॅमेरा लावणं म्हणजे नाडी न पाहता सुई टोचणं.

मोजायचं कशावरून? ठाण्याच्या रजिस्टरवरून, असं साहेब सांगतील. पण रजिस्टरात तेच सापडतं, जे लिहून घेतलं जातं. पेठेतलं दुकान फुटलं की रपट लगेच होते. वस्तीतल्या बाईची छेड निघाली की "आपसात मिटवा". दखलपात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगावं लागलं. ही पाळी न्यायालयावर काहून आली, याचा विचार करा.

रजिस्टर कोरं म्हणून वस्ती सुखी ठरत नाही. रजिस्टर भरलेलं म्हणून वस्ती गुन्हेगारही ठरत नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजाने अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, नजर गेली नाही. चोरी कुठेही होवो, फासेपारध्याचं पोरगं आजही आधी उचललं जातं. पोलीस जिथे जास्त फिरतो तिथे नोंदी जास्त. नोंदी जास्त म्हणून कॅमेरा तिथेच. कॅमेरा आला की नोंदी आणखी वाढल्या! घाण्याचा बैल असाच फिरतो.

कॅमेऱ्याने काय होतं, तेही ऐका. पिझा, वेल्श, फॅरिंग्टन या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह जगातल्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २०१९ साली मांडला. गाड्या ठेवायच्या जागी गुन्हे चांगलेच घटतात. मारामारी, हल्ले यांच्यावर ठळक परिणाम दिसत नाही. तेव्हा पुलाखालून मोटारसायकली जात असतील, तर तिथे कॅमेरा जरूर लावा. अंधाऱ्या बोळीत बाईला भीती वाटत असेल, तर आधी खांबावरचा लाईट लावा. आणि तिची रपट लिहून घेणारा माणूस बसवा.

आपण काय करायचं? वही घ्या, घरोघर जा. चार खाने पाडा: काय घडलं, कुठे-कधी घडलं, रपट दिली का, घेतली का. नाव लिहू नका. बाईला बाईनेच विचारावं. मग ठाण्याचे आकडे माहितीच्या अधिकारात मागवा आणि वहीशेजारी ठेवा. दोन्हींत जी तफावत निघेल, तोच राजापेठेचा खरा अहवाल. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनी अत्याचाराचा धोका असलेले भाग हुडकायचं काम सरकारवर टाकलंय. तो कागदही मागा.

आणि पहिला कॅमेरा कुठे? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सांगून ठेवलंय: प्रत्येक ठाण्यात, दारात, कोठडीत, आवाजासकट. चित्रण शक्यतो अठरा महिने, निदान वर्षभर जपायचं. आमच्या वस्तीवर डोळा ठेवण्याआधी हा डोळा उघडा आहे का, ते दाखवा.

१९२७ साली याच अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली. तेव्हा देवळाच्या दारावर कॅमेरा असता, तर त्यात गुन्हेगार म्हणून आमचाच बाप दिसला असता. गुन्हा कशाला म्हणायचं, हे कॅमेऱ्यामागचा ठरवतो. म्हणून वही आपल्या हातात पाहिजे.

जय भीम!