किंमत श्रोत्याची, मालकी बँडची

रेडिओहेड या बँडने 10 ऑक्टोबर 2007 रोजी ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत श्रोत्यांवर सोपवली. अगदी शून्यही चालणार होते. तेव्हापासून हा प्रसंग ‘फुकट संगीता’चा दाखला म्हणून सांगितला जातो. मला तो मालकीचा दाखला वाटतो. 2003च्या अल्बमनंतर ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीशी असलेला करार संपला होता. नवे ध्वनिमुद्रण 2005 मध्ये सुरू झाले, एका निर्मात्याबरोबर रखडले, मग 2006च्या दौऱ्यात गाणी प्रेक्षकांसमोर घासूनपुसून घेतली गेली आणि जुना सहकारी नायजेल गॉडरिच परतल्यावर काम मार्गी लागले. या काळात तारखेसाठी मागे लागणारी कंपनी नव्हती, आणि तयार मुद्रणाचे हक्क बँडकडेच राहिले. किंमत सोडून देण्याची मुभा त्यातूनच आली.

यावर आक्षेप ठरलेला: ईएमआयच्याच पैशावर नाव झालेल्यांना हे परवडते, नवख्यांना नाही. आक्षेप खराच आहे, पण तो किमतीच्या खेळाला लागू पडतो. हक्क राखण्याला नाही. शिवाय फुकटाने विक्री बुडाली असेही झाले नाही. 40 पौंडांचा खास संच निघालाच, आणि इतर कंपन्यांना परवान्यावर दिलेली सीडी जानेवारी 2008 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत अव्वल ठरली (डाउनलोडचा दर्जा यथातथाच होता, हेही त्यामागचे एक कारण असावे). 2011च्या पुढच्या अल्बमला बँडने सरळ ठरावीक किंमत लावली. विक्री मात्र पुन्हा स्वतःच्याच संकेतस्थळावरून सुरू केली.